राइनबेकच्या लोकरजत्रेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यूयॉर्क शहरापासून साधारण शंभर मैल उत्तरेला, हडसन नदीच्या पूर्वेला राइनबेक नावाचं टुमदार गाव आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी तिथल्या डचेस काउंटी फेअरग्राउंड्सवर 'न्यूयॉर्क स्टेट शीप अँड वूल फेस्टिव्हल' भरतो. एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही. विणणाऱ्या बायकांमध्ये (आणि पुरुषांमध्येही, तेही बरेच असतात) नुसतं 'राइनबेक' म्हटलं की पुरतं.

न्यू जर्सी, कनेटिकट, न्यूयॉर्क भागात राहणाऱ्या आणि घरी सुया-लोकर घेऊन बसणाऱ्या किती तरी मराठी मैत्रिणी अजून तिथे गेलेल्या नाहीत. ज्या जातात त्या पहिल्या वर्षी हमखास एकच गोष्ट करतात: दिसेल त्या रंगाची एकेक लड (लोकरीची सैल गुंडाळून पिळलेली जुडी) उचलतात, घरी येऊन पलंगावर मांडतात, आणि मग लक्षात येतं की यातल्या एकीतही धड स्वेटर होत नाही. हा लेख त्यांच्यासाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की जत्रेत जाऊन तेच घ्यावं, जे दुकानात किंवा घरबसल्या मिळत नाही. बाकीचं सगळं डोळे भरून बघावं.

आधी घरी बसून हिशेब

जायच्या आठवडाभर आधी ठरवा की येत्या हिवाळ्यात तुम्ही खरोखर काय विणणार आहात. तीन गोष्टी लिहा, जास्त नकोत. प्रत्येकीपुढे किती यार्ड लोकर लागेल ते लिहा. नमुना विकत घेतलेला असेल तर त्यात आकडा असतोच. नसेल तर हा ढोबळ अंदाज पुरतो.

पायमोज्यांचा एक जोड म्हणजे फिंगरिंग (बारीक) जाडीची १०० ग्रॅमची एक लड. तिच्यात साधारण ४०० यार्ड असतात. मोठ्या माणसाची टोपी वर्स्टेड (मध्यम) जाडीच्या एका लडीत, म्हणजे २०० यार्डांत आरामात होते. मध्यम मापाच्या बाईचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर वर्स्टेडमध्ये ११०० ते १३०० यार्ड खातो, म्हणजे सहा-सात लडी. तोच फिंगरिंगमध्ये केला तर यार्ड वाढतात, १५०० ते १८००, पण लडी चार-पाचच लागतात. कुर्त्यासारखा लांब हवा असेल किंवा पेडाच्या, म्हणजे वेणीसारख्या नक्षीचा असेल तर एक लड वर धरा. पेड लोकर फार खातात.

हे आकडे फोनमध्ये ठेवा. घरी पडलेल्या लोकरीचे फोटोही काढून ठेवा, कारण तिथे उभं राहिल्यावर 'आपल्याकडे असा मोरपिशी आहे का नाही' हे कुणालाही आठवत नाही. आयुष्यभर विणलं तरी संपणार नाही एवढा साठा हा या छंदातला नेहमीचा विनोद आहे, आणि त्या विनोदाची भरती जास्त करून जत्रांतूनच होते.

पैशांचंही आत्ताच ठरवा. हाताने रंगवलेली १०० ग्रॅमची लड साधारण ३० डॉलरच्या आसपास पडते, रेशीम किंवा कश्मिरी लोकर मिसळलेली त्याहून महाग. स्वेटरपुरती लोकर घ्यायची तर दीडशे ते दोनशे डॉलर सहज जातात. त्यात मोहासाठी एका लडीचे पैसे वेगळे काढून ठेवा. मोह होणारच आहे, मग निदान त्याचं अंदाजपत्रक असू दे.

कधी आणि कसं जायचं

शनिवारी गर्दी, रविवारी निवांतपणा. ज्यांना ठरावीक शेतावरची ठरावीक लोकर किंवा कातरलेली अख्खी लोकर हवी असते, त्यांनी शनिवारी उजाडता उजाडता पोहोचावं. पहिल्यांदाच जाणाऱ्याने मात्र रविवार निवडावा असं मला वाटतं. माल थोडा विरळ झालेला असतो, पण विकणारी माणसं बोलायला मोकळी असतात, आणि नवशिक्याला लोकरीइतकीच त्या बोलण्याची गरज असते.

न्यू जर्सीहून गाडीने जायचं तर न्यूयॉर्क थ्रूवेने, म्हणजे ८७ नंबरच्या हमरस्त्याने किंग्स्टनपर्यंत वर जायचं, १९ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडायचं आणि किंग्स्टन-राइनक्लिफ पुलावरून हडसन ओलांडायची. मैदान रूट ९ वर आहे. शेवटचे दोन-तीन मैल शनिवारी सकाळी मुंगीच्या पावलाने सरकतात, तो वेळ धरूनच निघा. गाडी चालवायची नसेल तर पेन स्टेशनहून अ‍ॅमट्रॅकने राइनक्लिफला उतरता येतं, पण तिथून मैदानापर्यंत टॅक्सीची सोय आधी लावून ठेवलेली बरी. मुक्कामाचा विचार असेल तर उन्हाळ्यातच खोली धरा. त्याच सुमाराला पानांचे रंग बघायलाही लोक त्या भागात लोटतात, त्यामुळे आयत्या वेळी काही मिळत नाही. प्रवेशाचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. आणि कुत्रं घरी ठेवा, मैदानात कुत्र्यांना मज्जाव आहे.

अंगावर काय घालायचं? स्वतः विणलेलं. राइनबेकसाठी खास नवा स्वेटर विणायचा आणि तिथे मिरवायचा ही रीतच पडली आहे. ऑगस्टमध्ये टाके घालून शुक्रवारी रात्री बाह्या जोडणाऱ्या बायका मला माहीत आहेत. अनोळखी लोक थांबवून 'कुठला नमुना, कुठली लोकर' विचारतात. तुम्हीही बिनधास्त विचारा, इथे ते आगाऊपणाचं समजत नाहीत. फोटो काढायचा असेल तर मात्र विचारूनच. सकाळी बोटं गारठतात आणि दुपारी घाम फुटतो, असं इथलं ऑक्टोबरचं हवामान, तेव्हा स्वेटरच्या आत सुती काहीतरी असू दे. बूट बंद घाला. पाऊस झालेला असेल तर चिखल, नसेल तर धूळ.

खांद्याला अडकवायची मोठी कापडी पिशवी, पाण्याची बाटली, मोजपट्टी, थोडी रोकड. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण एवढी माणसं एका मैदानात जमली की फोनचं नेटवर्क रडायला लागतं आणि कार्डाचं यंत्र मान टाकतं. अशा वेळी रोख नोटा काढणाऱ्याचा नंबर आधी लागतो. आई किंवा सासूबाई बरोबर असतील तर घडीची हलकी खुर्ची गाडीत टाका, चालणं बरंच होतं.

पहिली फेरी हात मागे बांधून

आत गेल्यावर नकाशा घ्या आणि एक फेरी काहीही न घेता मारा. अवघड आहे, पण जमवा. दुकानं बऱ्याच शेडमधून आणि बाहेर तंबूंतून पसरलेली असतात, आणि पहिल्या शेडमध्येच पाकीट रिकामं झालं तर शेवटच्या शेडमधली खरी चीज हातची जाते. आवडलेल्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढा, नकाशावर खूण करा, पुढे चला.

एका दुकानासमोर भली मोठी रांग दिसेल. कुणीतरी नावाजलेला रंगारी असतो, लोक पहाटेपासून उभे असतात. मी त्या रांगेत उभी राहत नाही. अशा बऱ्याच रंगाऱ्यांची मूळ पांढरी लोकर मोठ्या गिरण्यांकडून तयार आलेली असते, बहुतेकदा मरिनो जातीच्या मेंढीची लोकर आणि नायलॉनचं मिश्रण. रंग त्यांचे, हात त्यांचा, तो सुरेखच असतो, पण तीच लोकर ते वर्षभर ऑनलाइन विकतात. त्या तासाभरात तुम्ही चार शेतकऱ्यांशी बोलू शकता, जे आपल्याच मेंढ्यांची लोकर जवळच्या छोट्या गिरणीत कातून घेतात आणि वर्षातून दोन-तीन जत्रांनाच बाहेर पडतात. त्यांच्या लडी दिसायला साध्या असतात, करड्या, तपकिरी, दुधट. लेबल कधी कधी हाताने लिहिलेलं. राइनबेकला यायचं ते यांच्यासाठी.

लड हातात घेतल्यावर

इथे घाई करू नका, कारण आपल्यापैकी बहुतेकींचं विणकाम अ‍ॅक्रिलिकच्या गुंड्यांवर झालेलं असतं आणि खऱ्या लोकरीचे स्वभाव वेगळे.

सगळ्यात आधी लेबल वाचा: कशाची लोकर, किती ग्रॅम, किती यार्ड, सुपरवॉश (मशीनमध्ये धुता येणारी) आहे की नाही. ग्रॅमपेक्षा यार्ड बघा. अल्पाका (लामासारख्या प्राण्याची लोकर) किंवा रेशीम मिसळलेलं असेल तर तेवढ्याच वजनात लांबी कमी भरू शकते.

मग लड गळ्याला लावा, हनुवटीखाली. लाजू नका, सगळे तेच करत असतात. बोटांची कातडी जाड असते, बोटांना मऊ लागलेलं गळ्याला टोचू शकतं. अर्धा-एक मिनिट धरा. टोचायला लागलं तर टोपरं किंवा मफलर त्याचं करू नका, पण लगेच खाली ठेवूही नका. लोकरीचा मऊपणा तंतूच्या जाडीवर असतो आणि ती मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. मरिनो २४ मायक्रॉनच्या खाली असते, म्हणून ती मऊ. ब्लूफेस्ड लेस्टर जातीच्या मेंढीची साधारण २४ ते २८, तीही बऱ्याच जणींच्या गळ्याला चालते, शिवाय तिला देखणी चमक असते. रॉम्नी जातीची तिशीच्या पुढे. लिंकनसारख्या लांब केसांच्या मेंढीची आणखी जाड. जाड तंतूची लोकर वरून घालायच्या जाकिटाला उत्तम. तिचा आकार टिकतो आणि गोळेही कमी येतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर किती टोचते ते घोंगडी पांघरलेल्या कुणालाही विचारा, पण धनगर पावसापाण्यात रानात उभा राहतो तो तीच डोक्यावर घेऊन. कुठली लोकर कशासाठी, हे कळलं की 'चांगली लोकर म्हणजे मऊ लोकर' हा समज आपोआप सुटतो.

सुपरवॉश म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घ्या. लोकरीच्या तंतूवर खवल्यांसारखे पापुद्रे असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा होतो. सुपरवॉश करताना क्लोरिनच्या प्रक्रियेने हे पापुद्रे बोथट करतात आणि बऱ्याचदा वरून पॉलिमरचा पातळ थर देतात. त्यामुळे ती मशीनमध्ये धुता येते आणि रंगही झळाळून घेते. लहान बाळाच्या कपड्यांना आणि भारतात कुणाला भेट द्यायच्या वस्तूला हीच घ्या, कारण तिथे स्वेटर बादलीत भिजवून खसाखसा चोळला जाणार हे गृहीत धरावं. मात्र सुपरवॉश धुतल्यावर सैल पडते, लांबते. साध्या लोकरीत टाके एकमेकांना धरून बसतात, स्वेटर अंगावर सुबक राहतो आणि रंगीत नक्षीकाम तिच्यावरच खुलतं. दोन टोकं गाठ न मारता ओली करून तळव्यांत चोळून जोडायची युक्तीही साध्या लोकरीवरच चालते, सुपरवॉशवर नाही.

आता पीळ बघा. विकणाऱ्याला विचारून एक धागा किंचित उलगडा आणि किती पदर आहेत ते मोजा. एकपदरी लोकर मऊ आणि भुलवणारी, पण कोपराशी तिचे लवकर गोळे होतात. तीन किंवा जास्त पदरांची गोलसर लोकर पेडांच्या नक्षीला उठाव देते. दोनपदरी जाळीच्या शालीला छान. पायमोज्यांना घट्ट पिळाची, थोडं नायलॉन असलेली. शेडमधल्या दिव्याखाली रंग ठरवू नका. विचारून लड दारापर्यंत न्या आणि उन्हात बघा. आत जांभळा वाटलेला बाहेर तपकिरी निघतो.

हाताने रंगवलेली लोकर स्वेटरसाठी घ्यायची असेल तर लागेल तेवढी त्याच वेळी घ्या आणि लडी शेजारी शेजारी धरून बघा. एकाच भांड्यातून निघालेल्या लडींतही फरक असतो. विणताना दोन लडी आलटून पालटून, दर दोन ओळींनी बदलत विणल्या की तो फरक दिसत नाही. खूप रंगांचे ठिपके असलेली लड हातात जितकी सुंदर दिसते तितकी विणल्यावर दिसेलच असं नाही, म्हणून दुकानात टांगलेला विणलेला तुकडा आहे का ते बघा. नक्षीदार वीण असल्या लोकरीत हरवते. तिथे साधी सुलट वीणच चांगली. नैसर्गिक निळीने रंगवलेली लोकर विणताना बोटं निळी करते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तिच्याबरोबर पांढरी वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या.

एक नेहमीचा घोटाळा: मोहेर ही अँगोरा शेळीची, आणि अँगोरा लोकर सशाची. दोन्ही जनावरं तिथे बघायला मिळतात. अल्पाका उबदार आणि रेशमासारखी लोंबती, पण तिला मेंढीच्या लोकरीसारखी लवचीकता नसते. निव्वळ अल्पाकाचा लांब स्वेटर स्वतःच्या वजनाने गुडघ्याकडे निघतो. शाल करा, टोपी करा, नाहीतर मेंढीची लोकर मिसळलेली घ्या.

बोलावं कसं

विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न साधे: मेंढी कुठली, कळप तुमचाच का, लोकर कातली कुठे, धुतल्यावर मऊ पडते का. शेतावरच्या लोकरीत थोडं लॅनोलिन (मेंढीच्या अंगचं मेण) आणि गिरणीचं तेल राहिलेलं असतं, आणि धुतल्यावर ती फुलते. हे विकणारा जितकं नीट सांगेल तितकं लेबल सांगत नाही. कधी कधी ज्या मेंढीची लोकर हातात आहे तिचा फोटोही समोर येतो, नावासकट.

घासाघीस करू नका. तुळशीबागेत अंगवळणी पडलेलं 'शेवटचं काय लावाल' इथे तोंडातून येऊ देऊ नका. वर्षभर जनावरं सांभाळून, कातरून, गिरणीचे पैसे भरून उरलेला नफा त्या लडीत फार थोडा असतो. रविवारी दुपारी कुणी आपणहून सवलतीची पाटी लावली तर आनंदाने घ्या. आणि 'हे काय, मी घरीच करेन' असं दुकानासमोर उभं राहून मराठीतसुद्धा म्हणू नका. शेजारी कोण उभं असेल सांगता येत नाही.

कातरलेली लोकर, चाती आणि बाकीची मजा

मेंढीवरून उतरवलेल्या अख्ख्या लोकरीची विक्री हा या जत्रेचा एक मोठा भाग. बघा जरूर, हात लावा, लॅनोलिनचा तो वास घ्या. पण पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. बारीक तंतूची लोकर धुतल्यावर जवळजवळ निम्म्या वजनावर येऊ शकते, आणि ते धुणं, वाळवणं, पिंजणं अपार्टमेंटच्या बाथरूममध्ये करायचं काम नाही. न धुतलेली लोकर भारतात न्यायचा विचारही नको. प्राणिज माल म्हणून विमानतळावर अडेल.

कातायची हौसच असेल तर धुऊन पिंजलेला पेळू घ्या, चार औंसांचा, मध्यम जाडीच्या लोकरीचा. कॉरिडेल किंवा रॉम्नी मागा, मरिनो पहिल्यांदा हातातून निसटते. बरोबर एक हलकी लाकडी टकळी. शाळेत टकळीवर कापूस कातलेल्या पिढीतलं कुणी घरात असेल तर तुमचं शिक्षण तिथेच सुरू होईल.

जेवणाचं: मेंढीच्या मांसाचे पदार्थ भरपूर असतात. शाकाहारी माणसाला तळलेले आर्टिचोक मिळतात. त्यासाठी मोठी रांग लागते आणि ती मात्र लावण्यासारखी आहे. सायडर डोनट गरम असतानाच खा. तरी गाडीत पोळी-भाजीचा डबा असू दे, दुपारी एकच्या सुमाराला सगळ्याच रांगा लांबतात. मुलं बरोबर असतील तर त्यांना लामांच्या उड्या आणि मेंढपाळ कुत्र्यांचं काम दाखवायला न्या. दोन तास सुखाने जातात, आणि आळीपाळीने घरातली एक व्यक्ती खरेदीला मोकळी होते.

राइनबेक लांब पडत असेल तर मेरीलँडमध्ये वेस्ट फ्रेंडशिपला मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी अशीच मोठी जत्रा असते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना कम्ब्रियात कॉकरमथला जूनमध्ये वूलफेस्ट आहे, तिथे तर इंग्लंडातल्या दुर्मीळ जातींच्या मेंढ्या बघायला मिळतात. वर सांगितलेलं बहुतेक सगळं तिथेही लागू.

घरी आल्यावर

त्याच रात्री प्रत्येक लडीला चिठ्ठी बांधा: कुठून घेतली, किती यार्ड, काय विणायचं. महिन्याने आठवणार नाही. मग लडी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडा-दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. कसर लागायचं भय शेतावरून आलेल्या लोकरीला जास्त. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवर दव धरतं.

लडीतून थेट विणायला जाऊ नका, भयंकर गुंता होतो. पीळ सोडून लडीचं मोठं कडं उघडा, ते खुर्चीच्या पाठीला किंवा कुणाच्या तरी दोन्ही हातांत अडकवा, बांधलेले छोटे दोरे कापा आणि टोक सापडलं की सैल हाताने गुंडा करा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणून राहते, म्हणून लागेल तेव्हाच गुंडा करा, बाकीच्या लडी तशाच राहू द्यात.

आणि स्वेटरचे टाके घालण्याआधी चार-पाच इंचांचा चौकोन विणा, कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवा. इंचाला किती टाके येतात ते वाळल्यावरच मोजा.